धागा: मेरी मॅक्लाउड बेथ्यून स्मृती शिष्यवृत्ती – पैसा कुठे ठेवावा, नियम कसे लिहावेत

ओवी (धागाकर्ती)

मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या जन्माला १० जुलै २०२५ रोजी दीडशे वर्षं झाली. फ्लोरिडातल्या काही मराठी कुटुंबांत त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायचं घाटतंय. पाचेक वर्षांत ५०,००० डॉलरपर्यंत रक्कम जमेल असा अंदाज आहे. जाणकारांनी इथे सविस्तर लिहावं, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला असं काम करायचं असेल तर हा धागा उपयोगी पडेल.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडं. बेथ्यूनबाईंचा जन्म साउथ कॅरोलायनातल्या मेझव्हिलजवळचा. १७ भावंडांतल्या त्या १५व्या. आईवडील एकेकाळी गुलाम होते. गावातल्या मिशनच्या शाळेत एमा विल्सन शिकवायच्या. डेन्व्हरमध्ये मेरी क्रिसमन नावाच्या क्वेकर पंथाच्या बाई राहत, शिवणकाम करून पोट भरत. त्यांनी आपल्या कमाईतला वाटा एका कृष्णवर्णीय मुलीच्या शिक्षणासाठी काढून ठेवला. मुलगी कोणती ते एमा विल्सन यांनी ठरवलं. त्या पैशांवर मेरी १८८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात काँकर्डच्या स्कॉशिया सेमिनरीत गेली आणि १८९४ मध्ये शिक्षण पुरं करूनच बाहेर पडली.

पुढे ऑगस्टामध्ये ल्युसी क्राफ्ट लेनी यांच्या शाळेत त्यांनी शिकवलं. ३ ऑक्टोबर १९०४ ला डेटोनात दीड डॉलर भांडवलावर पाच मुली आणि स्वतःचा मुलगा एवढे विद्यार्थी घेऊन शाळा उघडली. बसायला खोकी, लिहायला जळक्या लाकडाचे तुकडे, शाईला एल्डरबेरीचा रस. १९२३ मध्ये ही शाळा आणि जॅक्सनव्हिलची कुकमन इन्स्टिट्यूट एकत्र झाल्या. तेच आजचं डेटोना बीचचं बेथ्यून-कुकमन विद्यापीठ.

माझे प्रश्न: पैसा कुठे ठेवायचा? कृष्णवर्णीय मुलींसाठीच राखीव असं लिहिता येतं का? निवड कुणी करायची? आणि बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेज स्वतःची मदत कमी करतं असं ऐकलं, ते कसं टाळायचं?

---

मंदार_टॅम्पा

आधी एक गोष्ट. कुणाच्याही खासगी बँक खात्यात किंवा पैसे गोळा करायच्या ॲपवर रक्कम जमवू नका. देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि ज्याच्या खात्यात पैसे आले त्याला हिशेब देत बसावं लागतं. शिवाय फ्लोरिडात स्वतः संस्था काढून लोकांकडे देणगी मागायची तर राज्याच्या कृषी व ग्राहक सेवा खात्याकडे आधी नोंदणी लागते. हे खातं या कामाचं असेल असं कुणाला वाटत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वाटा तीन आहेत.

पहिली, विद्यापीठाकडेच निधी ठेवणं. तुम्ही देणगी करार करता, चेक थेट विद्यापीठाच्या नावाने जातात, पावत्या तेच देतात, निवड आणि वाटपही त्यांच्याकडेच. काम सगळ्यात कमी, पण ताबाही सगळ्यात कमी.

दुसरी, आपल्या भागातल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे, म्हणजे स्थानिक देणग्या सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे, शिष्यवृत्ती निधी उघडणं. यात विद्यार्थी कुठल्याही कॉलेजात गेला तरी पैसे त्याच्यामागे जातात. निवड समितीत तुमचे एकदोघे बसू शकतात, मात्र समिती फाउंडेशनने नेमलेली हवी आणि देणगीदार व त्यांचे नातलग मिळून तिच्यात बहुमतात नकोत. डोनर ॲडव्हाइज्ड फंड (देणगीदाराच्या सल्ल्याने संस्थांना पैसे वाटणारं खातं) म्हणतात तो हा निधी नव्हे. त्या फंडातून थेट व्यक्तीला पैसे देताच येत नाहीत. खातं उघडतानाच 'शिष्यवृत्ती निधी' असं स्पष्ट करून घ्या.

तिसरी, स्वतःचं प्रायव्हेट फाउंडेशन. ५०,००० डॉलरसाठी हा विचार सोडून द्या. शिष्यवृत्ती देण्याची पद्धत आयआरएस या केंद्राच्या करखात्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. तशीच दिली तर दिलेल्या रकमेवर २० टक्के दंडात्मक कर. दरवर्षी ९९०-पीएफ हे विवरणपत्र भरा, गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.३९ टक्के कर द्या, साधारण ५ टक्के रक्कम वाटलीच पाहिजे हे सांभाळा. वकील आणि हिशेबनीस यांच्या फीमध्येच दोन मुलांची पुस्तकं येतील.

आता आकडे. कायमनिधी, म्हणजे मुद्दल न मोडता परताव्यातून द्यायचं, असं ठरवलं तर संस्था साधारण ४ ते ५ टक्के वाटतात. ४ टक्क्यांनी ५०,००० वर वर्षाला २,००० डॉलर. बऱ्याच ठिकाणी १ टक्क्याच्या आसपास व्यवस्थापन खर्च वेगळा कापतात. वाटपाचा आकडा बहुधा मागच्या १२ तिमाहींच्या सरासरी मूल्यावर काढतात, त्यामुळे बाजार वर गेला म्हणून रक्कम लगेच वाढत नाही. निधी पूर्ण भरल्यावरही पहिलं वाटप होईपर्यंत सहसा एक वर्ष जातं. आणि सुरुवातीलाच बाजार पडून मूल्य मूळ देणगीच्या खाली गेलं, तर संस्था वाटप कमी करते किंवा थांबवते. तेव्हा कुठली मुलगी दुसऱ्या वर्षात असेल तर तिचे पैसे मध्येच बंद. करारातच लिहून घ्या की अशा वर्षी आधी निवडलेल्या विद्यार्थ्यांचं नूतनीकरण आधी, नवीन निवड नंतर.

---

प्रज्ञा_क

मंदारने गणित नीट मांडलंय आणि त्यातूनच माझा विरोध निघतो. ५०,००० वर कायमनिधी करू नये. दोन हजार म्हणजे एका सत्राला एक हजार. त्या मुलीचं कॉलेज त्यावर ठरत नाही, सुटत नाही आणि पुरंही होत नाही. क्रिसमनबाईंनी व्याजाचा विचार केला नव्हता. त्यांनी एक मुलगी शेवटपर्यंत शिकवली. बेथ्यूनबाईंचं नाव द्यायचं असेल तर शिष्यवृत्तीची रचनाही तशीच असली पाहिजे: थोड्या मुली, पण प्रत्येकीची चारही वर्षं.

तोच पैसा मोडून वापरला तर वर्षाला ३,००० प्रमाणे चार विद्यार्थिनींना चार वर्षं पुरतो. एकूण ४८,०००. चौघींना एकदम घेऊ नका, दरवर्षी एक घ्या. मग खर्च असा चढतो आणि उतरतो: ३, ६, ९, १२, ९, ६, ३ हजार. सात वर्षं योजना चालते आणि चौथ्या वर्षाचे १२,००० सोडले तर कधी मोठा भार येत नाही. तुमची रक्कम पाच वर्षांत जमणार आहे, तिलाही हा चढ सोयीचा आहे. उरलेले २,००० अडीअडचणीला.

एक नियम मात्र न मोडता पाळावा. नवीन मुलगी घ्यायची तर तिच्या चारही वर्षांचे १२,००० डॉलर आधी हातात हवेत. 'पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात जमतील' या भरवशावर घेतलं तर तिसऱ्या वर्षी तिला पत्र पाठवून नाही म्हणावं लागतं.

---

गोदाकाठ

प्रज्ञा_क यांना पूर्ण अनुमोदन. एकदाच चेक देऊन फोटो काढणाऱ्या शिष्यवृत्त्या उदंड आहेत. पहिल्या वर्षी सगळेच मदत करतात, तिसऱ्या वर्षी कुणी नसतं.

---

मंदार_टॅम्पा

@प्रज्ञा_क, सात वर्षांनी नाव पुसलं जाणार, याला माझी हरकत आहे. नावाचा सन्मान म्हणूनच हे चाललंय ना? मधला मार्ग असा निघतो: ३०,००० कायमनिधीत, २०,००० चालू वापरासाठी. कायमनिधीची किमान रक्कम संस्थेनुसार बदलते, पण बऱ्याच ठिकाणी ती २५,००० च्या आसपास असते. ती ओलांडली की नाव कायम राहतं आणि वर्षाला १,२०० येतात. चालू २०,००० मधून एका मुलीची चार वर्षं (१२,०००) आणि उरलेल्या ८,००० मधून ऐनवेळच्या लहान रकमा. दोन्ही भाग एकाच करारात, पण दोन वेगळ्या खात्यांवर ठेवायला सांगा. नाहीतर हिशेबात एकमेकांत मिसळतात आणि मग चालू खात्याचा पैसाही गुंतवणुकीत अडकतो.

कायमनिधी पाच वर्षांच्या हप्त्यांनी भरता येतो का ते विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. पाच वर्षांत किमान रक्कम गाठली नाही तर काय, ते कलमही वाचा. सहसा पैसे संस्थेच्या सर्वसाधारण शिष्यवृत्तीत जातात आणि नाव जातं.

---

आर्या_म

ऐनवेळच्या लहान रकमांबद्दल मंदारने ओझरतं लिहिलं, पण माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात कामाची सूचना तीच आहे. शेवटच्या दोन सत्रांत मुली गळतात त्या मोठ्या रकमेमुळे नव्हे. पाचसातशे डॉलर थकले, कॉलेजने नोंदणी अडवली, संपलं. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून नेमक्या अशा मुलांना लहान अनुदानं द्यायला सुरुवात केली. सरासरी रक्कम हजार डॉलरच्याही आत, आणि बहुतेकांचं शिक्षण त्यामुळे मार्गी लागलं. यासाठी अर्ज मागवायचे नसतात. फी भरायच्या मुदतीच्या आठवड्यात कॉलेजचं एड ऑफिस (आर्थिक मदत कार्यालय) स्वतः थकबाकीची यादी काढतं, पदवीजवळ आलेल्यांना निवडतं आणि पैसे थेट खात्यावर टाकतं. अर्ज, निबंध, शिफारसपत्र मागत बसलात तर मदत पोचेपर्यंत मुदत निघून जाते.

आता ओवीचा मदत कमी होण्याचा प्रश्न. हे खरं आहे आणि त्याचं कारण समजून घेतलं तर उपायही दिसतो. विद्यार्थ्याला मिळणारी सगळी मदत मिळून कॉलेजने ठरवलेल्या वर्षाच्या एकूण खर्चापेक्षा जास्त होता कामा नये, हा केंद्राचा नियम. गरजेवर आधारित मदतीत गरजेच्या वर जाता येत नाही. बाहेरून ३,००० आले की कॉलेजला कुठून तरी कापावं लागतं, आणि नियम सांगितला नाही तर ते स्वतःचं अनुदान कापतं. मुलीला एका पैशाचा फायदा होत नाही, तुमचे ३,००० प्रत्यक्षात कॉलेजला मिळतात. मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांना यावर बंधन घातलं, नंतर कॅलिफोर्नियासह आणखी काही राज्यांनी. बाकी ठिकाणी पत्रावर अवलंबून राहावं लागतं.

चेकसोबतच्या पत्रात पुढचं सगळं हवं: विद्यार्थिनीचं पूर्ण नाव आणि कॉलेजचा ओळख क्रमांक, रक्कम, निम्मी फॉलला आणि निम्मी स्प्रिंगला, आधी न भागलेली गरज भरावी, मग कर्ज आणि वर्क-स्टडी (मदतीचा भाग म्हणून मिळणारं अर्धवेळ काम) कमी करावं, संस्थेचं अनुदान शेवटी. रक्कम पुस्तकं, लॅपटॉप, राहणं-जेवण यालाही वापरता येईल हे लिहा, कारण 'फक्त ट्यूशन' असं लिहिलंत आणि ट्यूशन पेल ग्रँटने (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्राचं अनुदान) आधीच भागलं असेल तर पैसे तसेच पडून राहतात. पूर्ण पेल २०२५-२६ मध्ये ७,३९५ डॉलर आहे, म्हणजे स्वस्त सरकारी कॉलेजात ट्यूशनचा बराचसा भाग त्यातच जातो. खरी अडचण भाडं आणि जेवणाची असते.

मात्र कर लक्षात ठेवा. पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची ट्यूशन, सक्तीची फी, अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं आणि साहित्य यावर खर्चलेली शिष्यवृत्ती करमुक्त. राहणं, जेवण, प्रवास यावर खर्चलेली करपात्र. बहुतेक मुलींचं उत्पन्न इतकं कमी असतं की कर शून्यच येतो, पण निवडपत्रात दोन ओळी लिहून तिला हे सांगा.

---

ओवी

आर्या, फार आभार. चेक आधी पाठवावा की सत्र सुरू झाल्यावर?

---

आर्या_म

नोंदणीचा पुरावा आल्यावर, पण फी भरायच्या मुदतीआधी. या दोन तारखांत बऱ्याचदा दोनतीन आठवडेच असतात, म्हणून निवड मेपर्यंत संपवा. चेक मुलीच्या नावाने नको, कॉलेजच्या नावाने. ती सोडून गेली तर पैसे परत कुणाला यायचे हे पत्रात नसेल तर ते कॉलेजच्या खात्यात अडकतात.

आणखी एक. तिचे गुण, नोंदणी, थकबाकी कॉलेज तुम्हाला सांगू शकत नाही, विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा आड येतो. अर्जातच तिची सही असलेलं संमतीपत्र घ्या. हे राहिलं की दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ईमेलांचा पाठलाग सुरू होतो.

---

कलम_सात

राखीव असण्याच्या प्रश्नावर लिहितो. हा सल्ला नव्हे, करार अंतिम करण्याआधी वकिलाला दाखवाच.

२९ जून २०२३ च्या हार्वर्डविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा निकष वापरणं बंद केलं. निकाल प्रवेशाबद्दल होता, पण केंद्राचा पैसा घेणाऱ्या कॉलेजांनी त्यानंतर शिष्यवृत्त्यांचे निकषही बदलले. कॉलेजच्या बाहेर निधी ठेवला तर सुटका होते असंही नाही. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं कलम १९८१ खासगी करारांनाही लागू होतं. अटलांटाच्या फिअरलेस फंडाची कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठीची अनुदान योजना याच कलमाखाली अकराव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये रोखली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती बंद झाली. फ्लोरिडा याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. ज्या कायद्याने मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा हक्क दिला, तोच त्यांच्या वारसांच्या मदतीविरुद्ध वापरला जातो याचं वाईट वाटतं. पण करार लिहिताना आहे तो कायदा धरूनच लिहायला हवा.

म्हणून वंश ही अट लिहू नका. निधी बेथ्यून-कुकमनसारख्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठात ठेवला तर प्रश्न बराचसा मिटतो. ही विद्यापीठं सगळ्यांना खुली आहेत, कुठलाही वांशिक निकष लावावा लागत नाही, आणि ज्या समाजासाठी बाईंनी आयुष्य घालवलं तिथपर्यंत पैसा पोचतो. बाहेर ठेवायचा असेल तर घरातली पहिली पदवी, पेल ग्रँटला पात्र, ठरावीक काउंटी, शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम, हे निकष चालतात. निबंधाचा विषय बाईंचं कार्य असू शकतो. मात्र निबंध वाचून वंश ओळखायचा आणि त्यावर गुण द्यायचे, असा मागचा दरवाजा ठेवू नका. त्या निकालातच त्याविरुद्ध इशारा आहे.

'फक्त मुली' याचा विचार वेगळा. कलम १९८१ लिंगाला लागू नाही. पण कॉलेजला टायटल नाइन, म्हणजे शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा केंद्राचा कायदा, लागू आहे. मृत्युपत्र, ट्रस्ट किंवा तशा दस्ताने आलेल्या एकलिंगी शिष्यवृत्त्या कॉलेज चालवू शकतं, एकूण वाटपात मुलगे-मुली असा भेद होत नसेल तर. बहुतेक कॉलेजं हा व्याप टाळतात आणि 'मुलींच्या शिक्षणात रस दाखवलेल्यांना प्राधान्य' असं लिहायला सांगतात.

'अट' आणि 'प्राधान्य' यातला फरक करारात जपून वापरा. मुलगी हवी, व्होलुशिया काउंटीची हवी, शिक्षणशास्त्राची हवी, ३.५ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) हवा, अशा चार अटी एकत्र लावल्या की एखाद्या वर्षी एकही अर्जदार बसत नाही. पैसे पडून राहतात, पुढच्या वर्षी संस्था नियम बदलायला मागते, आणि तोवर मूळ देणगीदार संपर्कात नसतात. आर्थिक गरज एवढीच अट ठेवा, बाकी सगळं प्राधान्यक्रमाने. शेवटी एक कलम: हा अभ्यासक्रम किंवा ही संस्थाच उरली नाही तर निधी कुणाकडे जावा.

---

शरावती

निवडीबद्दल. ओवीने पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय ते पुन्हा वाचा. पैसे डेन्व्हरमधून आले, मुलगी मेझव्हिलमध्ये निवडली गेली. देणाऱ्या बाईंना मुलगी माहीतही नव्हती. जिला रोज वर्गात मुली दिसत होत्या तिने निवड केली. आजच्या नियमांनाही हेच हवं आहे: विशिष्ट व्यक्तीसाठी म्हणून दिलेल्या देणगीला करसवलत नाही आणि देणगीदारांच्या ताब्यात निवड नको. माझं मत असं की समितीत पाच जण असावेत, त्यातले किमान तीन शाळेतले समुपदेशक, शिक्षक किंवा एड ऑफिसचे. देणगीदारांपैकी फार तर एक, आणि तोही दोन वर्षांनी बदलावा.

अर्ज लहान ठेवा. ५०० शब्दांचा एक निबंध, गुणपत्रक, एका शिक्षकाचं पत्र, आणि फाफ्सा (केंद्राच्या मदतीचा अर्ज) भरल्यावर येणारा, कुटुंबाची ऐपत मोजणारा एसएआय आकडा. हा आकडा शून्याखाली उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो, आणि तशा मुली नेमक्या आपल्या असतात. पालकांचे कर विवरणपत्र मागू नका, त्यासाठीच फाफ्सा आहे. शिफारसपत्रं दोन-तीन मागितली की ज्यांच्या शाळेत एक समुपदेशक चारशे मुलांमागे धावतोय त्या मुली मागे पडतात.

गुणतक्ता अर्ज उघडण्याआधी ठरवा. मी असा सुचवेन: आर्थिक गरज ४०, शिक्षणातली चिकाटी २५, निबंध २०, शिक्षकाचं पत्र १५. प्रत्येक अर्ज दोघांनी नाव झाकून वाचावा, दोघांत १५ पेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर तिसऱ्याने. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणं किंवा दुकानात नोकरी करणं हे शाळेबाहेरच्या उपक्रमांइतकंच धरा आणि तसं अर्जात छापा, नाहीतर मुली ते लिहितच नाहीत.

वेळापत्रक: फाफ्सा साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. आपला अर्ज नोव्हेंबरात, मुदत फेब्रुवारी अखेर, निवड एप्रिलच्या मध्यापर्यंत. कॉलेज निश्चित करायची नेहमीची तारीख १ मे असते, त्याआधी मुलीच्या हातात पत्र असलं तर ती पैसे धरून निर्णय घेऊ शकते. १० जुलैला बाईंच्या जन्मदिनी जाहीर करायचा मोह होईल. समारंभ तेव्हा करा, पत्र एप्रिलमध्येच द्या.

---

प्रज्ञा_क

नूतनीकरणाच्या जीपीएबद्दल. फ्लोरिडा राज्याची याच नावाची योजना आहे. बेथ्यून-कुकमन, फ्लोरिडा ए अँड एम, एडवर्ड वॉटर्स आणि फ्लोरिडा मेमोरियल या चार संस्थांतल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला ३,००० डॉलर, ३.० ची अट. आपणही ३.० लावला तर २.९ वर घसरलेली मुलगी दोन्ही एकदम गमावते, आणि नेमक्या त्या वर्षी तिला पैशांची सर्वाधिक गरज असते. केंद्राच्या मदतीसाठी कॉलेजं साधारण २.० जीपीए आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पूर्ण, एवढंच बघतात. आपण २.५ ठेवावा, वर्षाअखेर मोजावा, एकदा खाली गेली तर एक सत्र सवलत. पहिल्या सत्राचे गुण नूतनीकरणासाठी धरूच नयेत. सत्राला १२ क्रेडिटची (पूर्णवेळ शिकण्याची) अट शेवटच्या सत्राला लावू नका, तिथे पुष्कळांचे सहासातच क्रेडिट उरलेले असतात.

राज्याची योजना त्याच नावाची असल्याने आपल्या निधीच्या नावात काहीतरी वेगळं हवं, नाहीतर एड ऑफिसच्या संगणकावर दोन्ही एकाच ओळीत दिसतील.

---

भीमथडी

दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात. मराठी माणसांनी हे का करावं असा प्रश्न कुणी विचारला तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतली निग्रो गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला होता, हे सांगा. दीडशे वर्षांपूर्वी जोडलेलं नातं आहे ते.

दुसरी व्यवहाराची. मदतीच्या बदल्यात सेवेचा करार घालायची कल्पना नेहमी पुढे येते: शिक्षिका हो आणि पाच वर्षं अमुक शाळेत शिकव. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी. परत आल्यावर त्याच बडोद्यात त्यांना राहायला घर मिळालं नाही आणि नोकरी सोडावी लागली. ज्याला मदत करतो त्याला तिथे नीट वागवलं जाईल याची हमी देणाऱ्याला देता येत नसेल, तर बंधन घालू नये. अमेरिकेच्या करनियमांतही मोबदला म्हणून करावी लागणारी सेवा आली की तेवढी रक्कम सहसा पगारासारखी करपात्र धरतात.

---

गोदाकाठ

भारतातल्या नातेवाइकांना यात देणगी द्यायची असेल तर?

---

मंदार_टॅम्पा

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून देता येते, आर्थिक वर्षाला माणशी २.५ लाख डॉलरच्या मर्यादेत. मात्र ८०जी ची सवलत परदेशी संस्थेला मिळत नाही, आणि वर्षभरात परदेशी पाठवलेली रक्कम १० लाख रुपयांवर गेली की बँक त्यावरच्या भागावर टीसीएस (आगाऊ कर) कापते. छोट्या रकमांना अडचण नाही.

इथल्यांसाठी: कंपनीची मॅचिंग देणगी (तुमच्या देणगीला जोड म्हणून कंपनी देते ती) आधी तपासा, काही कंपन्या फक्त मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना देतात. वर्षाहून जुने, किंमत वाढलेले शेअर थेट दिले तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, विकून रोख देऊ नका. साडेसत्तर वर्षांवरच्यांना आयआरए या निवृत्ती खात्यातून थेट देता येतं, पण डोनर ॲडव्हाइज्ड फंडात नाही. २०२६ पासून आयटेमाइज न करणाऱ्यांनाही (एकेक खर्च दाखवून वजावट न घेणाऱ्यांनाही) रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. मंडळाच्या जेवणातून पैसे उभे करणार असाल तर तिकिटातून जेवणाची किंमत वजा करून उरेल तेवढीच देणगी. तिकीट ७५ डॉलरच्या वर असेल तर जेवणाची किंमत पावतीवर लिहून देणं संस्थेवर बंधनकारक आहे.

---

जुनी_पानं

पत्रक आणि प्रमाणपत्रावर बाईंचं छायाचित्र लावणार असाल तर इंटरनेटवरून पहिलं दिसेल ते उचलू नका. गॉर्डन पार्क्स यांनी १९४३ मध्ये सरकारी युद्ध माहिती कार्यालयासाठी बेथ्यून-कुकमनमध्ये काढलेली छायाचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, सरकारी काम असल्याने मुक्त आहेत आणि मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. त्यात विद्यार्थी, वर्ग, बाई सगळं आहे. कॅपिटॉलमधल्या २०२२ च्या संगमरवरी पुतळ्याचा फोटो मात्र टाळा, आधुनिक शिल्पावर शिल्पकाराचे हक्क असू शकतात.

नावाबद्दल: फ्लोरिडात व्यक्तीच्या नावा-प्रतिमेच्या व्यापारी वापराचा हक्क मृत्यूनंतर ४० वर्षं चालतो. बाई १८ मे १९५५ रोजी गेल्या. कायद्याने अडचण दिसत नाही, तरी विद्यापीठाला आणि त्यांनी १९३५ मध्ये स्थापलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेनला पत्र लिहून कळवावं. ते सौजन्याचं आहे आणि पुढे अर्जदारांपर्यंत पोचायला त्यांची मदतच होते.

बाईंनी स्वतः शिष्यवृत्तीचं काम मोठ्या प्रमाणावर केलं होतं, ते परिचयपत्रकात जरूर घ्या. नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन या तरुणांसाठीच्या केंद्र सरकारी यंत्रणेत असताना १९३६ ते १९४३ या काळात त्यांच्या हाताखालच्या विशेष निधीतून चार हजारांवर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मिळून सहा लाख डॉलरच्या आसपास मदत गेली. माणशी सरासरी दीडशे डॉलर. तेव्हा एवढ्यात शिक्षण पुढे सरकत होतं.

---

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून मसुदा असा धरतेय: निधी बेथ्यून-कुकमनकडे, ३०,००० कायम आणि २०,००० चालू अशी दोन खाती, आर्थिक गरज ही एकच अट, शिक्षणशास्त्र आणि घरातली पहिली पदवी यांना प्राधान्य, नूतनीकरणाला २.५, सेवेचा करार नाही. एक शंका उरते. मुलगी दुसऱ्या कॉलेजात गेली तर? विद्यापीठाकडचा निधी तिच्यामागे जाणार नाही.

---

प्रज्ञा_क

नाही जाणार, म्हणून चालू खात्याचे २०,००० कम्युनिटी फाउंडेशनकडे आणि कायमचे ३०,००० विद्यापीठाकडे अशी फोड मी करेन. फाउंडेशनच्या करारात असं लिहून घ्या: विद्यार्थिनीने बदली घेतली तर नवी संस्था मान्यताप्राप्त असल्यास उरलेली सत्रं तिच्यासोबत जातील, आजारपण किंवा घरच्या अडचणीने थांबली तर दोन सत्रांपर्यंत जागा राखून ठेवली जाईल, आणि ती परत आली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या निवडीऐवजी आधी थकबाकीच्या लहान अनुदानांत जाईल. त्या लहान अनुदानांना कॉलेजचं बंधन ठेवू नका. व्यवस्थापन खर्चाचा दर आणि किमान वार्षिक फी दोन्ही विचारा. काही ठिकाणी वर्षाला ठरावीक किमान रक्कम कापतात आणि २०,००० च्या निधीला ती टक्केवारीपेक्षा जड पडते. दोनतीन फाउंडेशनांकडून लेखी दर आले की इथे टाक, आकडे समोर ठेवून ठरवू.